उजेडात येऊन बोल

थिएटरचं दार अजून तेच आहे. जड, हिरवं, ढकलताना खालून घासणारं. आतला वास मात्र बदलला. माझ्या विद्यार्थीदशेत इथे ओल्या लोकरीचे कोट, कोळशाची शेगडी आणि कुणीतरी करपवलेली कॉफी यांचा मिळून एक वास यायचा. आता महागड्या साबणाचा येतो. बर्लिनचा हा भाग तेव्हा गरीब होता, म्हणून आम्हाला परवडायचा. आता रविवारी सकाळी अकरा वाजता इथे मूकपट बघायला जे लोक येतात, त्यांच्याकडे हळहळायला भरपूर सवड असते. कशाबद्दल हळहळायचं हे ते दारात मिळणाऱ्या पत्रकात आधी वाचून घेतात.

परवाच्या रविवारी मी पुष्कळ वर्षांनी ते दार ढकललं. एका हाताला आई होती, दुसऱ्या हाताला माझी मुलगी इरा. आई दिवाळीसाठी महिन्यापूर्वी सांगलीहून आली होती आणि आता आठवड्याभरात परत जाणार होती.

आईला ऐकू येत नाही. मी रांगत असताना तिला मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा कान गेलेले होते. ती ओठ वाचते, आणि असे वाचते की समोरच्याला अवघडायला होतं. पण तिला वाचता येतात ते मराठी ओठ. इरा चौदा वर्षांची, जन्मापासून बर्लिनची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. माझं चालून जातं. आईचं कसं चालणार? महिनाभर नात समोर बसून तोंड हलवत होती आणि आई तिच्या ओठांकडे एकटक बघत होती. मग इरा वैतागून खोलीत निघून जायची. एकदा आई चकलीचा डबा बंद करता करता मला म्हणाली, "पोरगी गुणाची आहे गं. पण मला ऐकूच येत नाही."

ती असं कधी म्हणत नाही. चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. बाकी जगाचं तिला ऐकू यायचं.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. बाबा तिथे कामाला होते. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस गोड वास पडद्यांत, गाद्यांत, आमच्या वेण्यांत बसायचा आणि उन्हाळ्यापर्यंत हलायचा नाही. चिपाडाची राख उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. पाळी बदलायचा भोंगा झाला की मांडणीवरची ताटं थरथरायची. आई त्या मांडणीला पाठ टेकून भाजी निवडत बसायची आणि भोंगा तिला पाठीतून कळायचा. "बाबा येतील आता, कुकर लाव," म्हणायची.

आमच्या घरात बोलायचे नियम वेगळे होते. हात तोंडापुढे आणायचा नाही. घास गिळल्याशिवाय बोलायचं नाही. पाठ फिरवून बोलणं म्हणजे उद्धटपणा. आणि सगळ्यात मोठा नियम, उजेडात येऊन बोलायचं. लोडशेडिंगच्या संध्याकाळी मेणबत्ती एकच असायची आणि ज्याला आईला काही सांगायचं असेल त्याने ती उचलून आपल्या हनुवटीखाली धरायची. मी आणि दादा त्या मेणबत्तीसाठी भांडायचो. गरम मेण बोटांवर सांडायचं, पण सोडायचो नाही, कारण मेणबत्ती हातात असेपर्यंत आई फक्त आपली असायची. आवाजाची गरजच नव्हती, म्हणून आम्ही बरेचदा नुसते ओठ हलवायचो. कुणी पाहुणे आले तर त्यांना वाटायचं, घरात काही वाईट घडलंय.

ओठ मात्र साधे हलवायचे. नवीन माणसं आईशी बोलताना तोंड फाडफाडून एकेक अक्षर उच्चारायची. आई कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "ओरडू नका. ऐकू येतंय मला." समोरच्याने आवाजच काढलेला नसायचा. आम्ही हसून लोळायचो.

लग्नाकार्यात कॉलनीतल्या बायका तिला बिचकून असायच्या. मांडवाच्या त्या टोकाला विहीणबाई आपल्या बहिणीच्या कानात काय कुजबुजल्या, हे आईला या टोकाला कळायचं आणि ती ते मोठ्याने सांगायचीही, कारण आपला आवाज केवढा आहे याचा तिला अंदाज नाही. टीव्हीवरचा मराठी सिनेमा ती दहा मिनिटांत सोडून उठायची. "हा मेला पाठ करून बोलतो. आणि ह्याचं तोंड एक हलतंय, वाक्य भलतंच असणार." तिचं म्हणणं खरं असायचं, आवाज मागाहून भरलेले असायचे.

म्हणून बर्लिनला शिकायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात या थिएटरात शिरले, आणि मला घर सापडलं. पडद्यावर उजेडात आलेले चेहरे होते. कुणी पाठ करून बोलत नव्हतं. खाली कोपऱ्यात एक पिकल्या केसांच्या बाई ऑर्गन वाजवायच्या आणि त्याच्या खालच्या पट्टीच्या सुरांनी खुर्चीची फळी पाठीला थरथरायची. मी डोळे मिटून घरच्या मांडणीला टेकल्यासारखी बसायचे. बाहेर बर्फ, आत कोळशाची ऊब. कितीतरी रविवार मी असे काढले. आईला पत्रात लिहिलं होतं, तुझ्यासाठी काढलेले सिनेमे इथे दाखवतात, एकदा तुला आणते.

त्या दिवसांतच मी जर्मनांनी काढलेला तो 'भारताचा' मूकपट पाहिला. त्याची इथे फार पूजा होते. सिनेमाच्या शाळेत शिकवतात. कॅमेरा गाड्यावर बसवून महालाच्या खांबांमधून असा काही नेलाय की आपणही त्याच्याबरोबर सरकत जातो. जाळीतून जमिनीवर उतरलेली उन्हं. आणि देवळाच्या पायऱ्यांवरचा तो प्रसंग, ज्यात शेकडो माणसं हात वर करून उभी आहेत आणि त्यांच्यामधून धुपाचा धूर झिरपत वर चढतो. तो धूर मला वेड लावायचा. बाकी गोष्ट काय, तर एक दुष्ट महाराज, एक गोरी बाई, एक रक्तपिपासू देवी आणि डोळे फिरवणारे हजारभर काळे लोक. महाराज म्हणजे तोंडाला तपकिरी रंग फासलेला जर्मन नट. रंग कॉलरपाशी संपायचा. दिवे लागले की आजूबाजूची माणसं वळून माझ्याकडे कौतुकाने बघायची. एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं होतं, "तुम्हाला आज घरची फार आठवण आली असेल, नाही?"  मी सांगलीची. आमच्याकडे गोऱ्या बायका होत्याच कुठे बळी द्यायला.

तर नशीब असं, की आई इथे असताना नेमका तोच सिनेमा लागला. नवीन साफ केलेली प्रत, मोठा समारंभ. दुसरा कुठला मूकपट त्या आठवड्यात नव्हता. मी विचार केला, जाऊ दे तो महाराज खड्ड्यात. निदान दोन तास असे मिळतील ज्यात इराला आणि आजीला सारखंच ऐकू येईल. पडद्यावरच्या जर्मन पाट्या इरा आजीला मराठीत सांगेल, त्यासाठी तिला पडद्याच्या उजेडात आजीकडे तोंड करावंच लागेल. असा माझा बेत होता.

इराला बेत पसंत नव्हता. "मम्मा, दास इस्ट दोख पाइनलिश," ती ट्राममध्येच म्हणाली. लाज वाटते म्हणे.

दारात आणखी पाइनलिश प्रकार उभा होता. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी पोस्टर टाकलं होतं, त्यापुढे झेंडे आणि जोडलेले हात, 'शंभर वर्षांपूर्वी जर्मनांनी आपल्या संस्कृतीवर सिनेमा काढला!!' झालं. तीन कुटुंबं पैठण्या नेसून, जाकिटं घालून हजर. तो रंगवलेला महाराज पोस्टरवर बुबुळं फिरवतोय आणि त्याच्या शेजारी आमचे लोक हसून फोटो काढतायत. त्यांतला निखिल नावाचा एक सॉफ्टवेअरवाला मला म्हणाला, "ताई, तुम्ही आधी बघितलाय ना? सेट एकदम ऑथेंटिक आहेत म्हणे!"

"गेनाऊ, बरोबर," मी म्हटलं. "अगदी आपलं घरच."

त्याला ते पटलं, हीच तर गंमत.

सिनेमाआधी एक डॉक्टर महाशय बोलायला उभे राहिले. हे औषधवाले नव्हेत, सिनेमाचा इतिहास लिहिणारे. काळा स्वेटर, गळ्यापर्यंत बंद. पहिलं वाक्य त्यांनी घाईने उरकलं. काही दृश्यं आज खटकतील, पण हे त्या काळातून समजून घ्यायला हवं. देवाला जाताना चपला काढाव्यात तशी ही लाज त्यांनी दारात काढून ठेवली आणि मग मोकळेपणाने आत शिरले. गाड्यावरचा कॅमेरा. जाळीची उन्हं. देवळाच्या पायऱ्यांवरचा धूर, जो छायाचित्रकाराने मागून दिवे लावून असा उजळलाय की तसा पुन्हा कुणाला जमला नाही. हत्तीण एका सर्कशीतली होती, तिचं नाव बेर्टा. गर्दीतली माणसं? खरी भारतीय, बर्लिनमध्ये गोळा केलेली, कुणी बोटीवरचे खलाशी, कुणी महायुद्धात कैद होऊन इथेच राहिलेले. त्यांची नावं कुठे टिकलेली नाहीत. हे ते 'बेर्टा'च्या मानाने फार भरभर बोलले.

दिवे गेले. ऑर्गन आता एक तरुण वाजवत होता. आई ताठ बसली होती, जशी मांडवात बसायची. महाराज आला तशी ती तिच्या त्या आवाजात म्हणाली, "ह्याने तोंडाला काय फासलंय? तव्याची काजळी?" पुढच्या रांगेतून 'प्स्स्ट' आलं. तिला ते ऐकू आलं नाही. इरा खुर्चीत खाली खाली सरकत होती. एकही पाटी तिने आजीला सांगितली नाही. मी सांगायला लागले तर आईने माझा हात बाजूला केला. "राहू दे. तोंडं दिसतायत ना."

पण ती तोंडं जर्मन होती. थोड्या वेळाने तिचे खांदे उतरले. माझा बेत फसला होता. इतकी वर्षं जपलेली एकच चांगली वस्तू मी आईपुढे ठेवली होती आणि ती आतून किडलेली निघाली होती. मला त्या डॉक्टरचा, त्या काळ्या स्वेटरचा, माझ्या त्या सगळ्या रविवारांचा संताप आला.

मग देवळाच्या पायऱ्या आल्या. हात वर केलेली गर्दी, उघड्या छातीची माणसं, मधून चढणारा तो धूर. प्रत इतकी स्वच्छ केली होती की एकेक चेहरा वेगळा दिसत होता. पुढे एक हडकुळा, मिशीवाला माणूस होता. त्याचे ओठ हलले. आई एकदम पुढे झाली, पुढच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली.

पडद्यावर पाटी आली, 'रक्त! देवीला गोऱ्या बाईचं रक्त हवं!'

"अगं, हा मराठी बोलतोय," आई म्हणाली. सगळ्या थिएटरला ऐकू गेलं.

'प्स्स्ट' चहूबाजूंनी आलं. एका पैठणीतूनही आलं. आई माझ्याकडे वळली, पण माझा चेहरा अंधारात होता. ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली, तेव्हा बेर्टा आली होती.

सिनेमा संपल्यावर चर्चा होती. धुराबद्दल दोघांनी विचारलं. मी हात वर केला आणि म्हटलं, माझी आई ओठ वाचते, पायऱ्यांवरचा एक माणूस मराठीत काहीतरी बोलतोय, तो तुकडा परत दाखवता येईल का. डॉक्टर महाशय गोड हसले. फार सुंदर कल्पना आहे, म्हणाले. पण अशा माणसांना नुसते ओठ हलवायला सांगत असत. निरर्थक बडबड. आपल्या माणसाला तिथे आपली भाषा दिसावी हे नैसर्गिक आहे, भावनेच्या अंगाने. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

माझ्या शेजारची खुर्ची खाडकन मिटली. इरा उभी होती. कान लाल झाले होते.

"माइने ओमा इस्ट गेह्योरलोस," ती म्हणाली. माझी आजी बहिरी आहे. आणि पुढे जर्मनमध्येच, शाळेत वादविवादाला उभी राहते तशी, "ती पन्नास मीटरवरून वाचते. मला ठाऊक आहे, कारण मम्मा माझ्याशी मराठीत नुसती कुजबुजली तरी तिला खोलीच्या त्या टोकाला कळतं. तुम्हाला मराठी येतं का? नाही? मग तुम्ही कशावरून सांगता?"

कुणीतरी हसलं. पण मागच्या खोलीतल्या यंत्रवाल्याला बहुधा मजा वाटली, त्याने डॉक्टरना न विचारता दिवे मंद केले आणि तो तुकडा लावला.

हडकुळा माणूस पुन्हा आला. हात वर, ओठ हलतायत. आई वाचू लागली, तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात, थांबत थांबत. "आई गं. गारठलो. मग शेजारच्याला म्हणतोय, हात खाली नको घिऊस रं. मधलं कळलं नाही, त्याचा दंड आडवा आला. मग, परत उभं करतील." तिने पडद्याकडे बोट केलं. "आपल्याकडचा आहे गं. पलटणीतला असेल."

इराने प्रत्येक वाक्य जर्मनमध्ये सगळ्यांना सांगितलं. एकही चुकलं नाही. 'घिऊस'सुद्धा नाही.

"आणि धूर कसला?" आई म्हणाली. "तोंडाची वाफ आहे. उघडे उभे केलेत थंडीत."

मी पडद्याकडे पाहिलं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. धूर कुठल्याही भांड्यातून येत नव्हता. प्रत्येक तोंडापुढे वेगळा होता, थांबून थांबून येत होता. मागून दिवा लावलेला, फार सुरेख.

इराने हेही भाषांतर करून सांगितलं.  वाटलं, आता कुणीतरी उठून काही बोलेल. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर महाशय म्हणाले, "फास्त्सिनीरेंड! विलक्षण! बघा, या कलाकृतीत अजून किती थर दडले आहेत." म्हणजे तो माणूस गारठला, तेही शेवटी सिनेमाच्याच खात्यावर जमा. त्या काळातून समजून घ्या म्हणे. त्या काळात थंडी वाजत नव्हती? बाहेर वाइन होती, खारे ब्रेट्झेल होते. निखिल आईबरोबर सेल्फी काढायला आला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो न काढताच परत गेला.

आम्ही बाहेर पडलो. दुपारचे दीड-दोन, पण नोव्हेंबरचं बर्लिन. ढग छपरांना टेकलेले, दिवस उगवून मावळल्यासारखा. ट्रामच्या थांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आई शालीत हात घालून उभी होती आणि रुळांकडे बघत होती. "त्याची आई वाट बघत बसली असेल गं," ती म्हणाली. "तिला कुठे कळणार, हा इथे हात वर करून उभा आहे." तिने नाक पुसलं. मी तोंड फिरवलं. माझाही चेहरा धड राहिला नव्हता, आणि तो तिला वाचता आला असता.

इरा आमच्यापासून जरा लांब उभी होती, टोपी खाली ओढून. मग तिने काय केलं, तर थांब्यावरच्या जाहिरातीच्या पाटीपुढे जाऊन उभी राहिली. आतून दिव्याची पाटी होती, कुठल्याशा फोनची. तो पांढरा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडत होता. तिने मफलर हनुवटीखाली ओढला, टोपी काढली आणि उजेड पूर्ण तोंडावर येईपर्यंत पाय सरकवत राहिली. आईने मान वळवली.

इराने तोंड उघडलं. आवाज काढला नाही. एकेक अक्षर ओठांनी फाडफाडून, भुवया वर चढवून, ती म्हणाली,

"आजी. तुला. थंडी. वाजतेय. का?"

आईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."